वाटाण्याचं रोप आणि निजलेला माणूस

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून मुंबईला परतले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून केलेला तो प्रवास होता. मागवलेला विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा आला, फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र आलं, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता. या देशात बसून कुणी चित्रपट बनवू शकतो यावर विश्वास ठेवायला धनिक तयार नव्हते. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यावर रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ ते त्या कुंडीची चित्रं घेत राहिले. फिल्म धुऊन पडद्यावर टाकली, तर डोळ्यांदेखत बी फुटलं, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल चढू लागली. ही छोटीशी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

चित्रपटाच्या इतिहासात हा वाटाणा एखाद्या वाक्यापुरता येतो. कॅमेरा नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी केलेली चाचणी, एवढीच त्याची नोंद होते. माझ्या मते भारतीय चित्रपटाची खरी सुरुवात तिथे आहे, आणि कलेत जीव कसा येतो या फार जुन्या प्रश्नाचं एक उत्तरही तिथेच आहे.

फाळके दिवसाला एक फ्रेम घेत, असं सांगायची पद्धत पडली आहे. साधा हिशेब करून पाहावा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम पडद्यावरून सरकत. दिवसाला एक या बेताने महिन्याच्या ३० फ्रेम होतात, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही नाहीत. तेवढ्यात कुणाला कोंब दिसला नसता आणि कुणी पैसाही दिला नसता. अर्धं मिनिट काही दाखवायचं म्हटलं तरी ४८० फ्रेम लागतात. महिनाभर रोज १६. याचा अर्थ दिवसातून कितीतरी वेळा त्या कुंडीपाशी जायचं, हँडल मोजून फिरवायचं आणि मागे यायचं. सकाळचा उजेड वेगळा, दुपारचा वेगळा. त्यात फरक पडला की पडद्यावर चित्र लुकलुकतं. मुलाबाळांचं घर, आणि कॅमेरा तर तसूभरही हलता कामा नये. हे सगळं करणाऱ्या माणसाने थोड्याच दिवसांपूर्वी चित्रपट पाहून पाहून, रात्री जागून स्वतःचे डोळे इतके दुखावून घेतले होते की काही काळ त्याला दिसेनासं झालं होतं. पत्नी सरस्वतीबाई सोबत होत्या. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, रसायनं कालवणं ही कामं त्या शिकल्या होत्या.

मुंबईत तेव्हा हलणाऱ्या वस्तूंची वाण नव्हती. ट्रामगाड्या होत्या, गोदीतली धावपळ होती, समुद्र होता. फाळक्यांनी निवडलं ते रोप. उघड्या डोळ्यांना जे कधीच हलताना दिसत नाही, ते. यात धंद्याची हुशारी होतीच, कारण ट्राम दाखवून कुणी थक्क झालं नसतं. पण त्या निवडीत मला त्याहून मोठं काही दिसतं. फाळके पडद्यावर नुसती हालचाल दाखवत नव्हते, वाढ दाखवत होते. हलणं आणि जिवंत असणं यांतला फरक त्यांना कळला होता, आणि हा फरक कळायला चित्रकाराचा डोळा लागतो. फाळक्यांजवळ तो होता.

१८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या शाळेने त्याच सुमारास एक प्रचंड काम हातावेगळं केलं होतं. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत जे. जे.चे विद्यार्थी हिवाळ्यामागून हिवाळे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होते. त्यांतल्या कितीतरी नकला लंडनला आगीत जळाल्या. पण तेरा वर्षांच्या त्या कामाने शाळेला जे शिकवलं, ते जळण्यातलं नव्हतं. तरुण फाळक्यांनी अजिंठ्याचा कोणता धडा घेतला हे सांगणारा कागद माझ्यापुढे नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. ते ज्या भिंतींमध्ये चित्रकला शिकले तिथे अजिंठा ताजा होता, एवढं मात्र खरं.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक अप्सरा आहे. ती उडते आहे हे चित्रकाराने पंख देऊन सांगितलेलं नाही. तिच्या गळ्यातल्या माळा एका बाजूला झेपावल्या आहेत, तेवढ्यावरून वेग कळतो. चेहरा मात्र अगदी निवांत आहे. सोळाव्या लेण्यातलं चित्र त्याहून अवघड. त्यात एक राजकन्या कोसळते आहे, नवरा भिक्षू झाल्याची वार्ता तिला कळली आहे. मान कललेली, पापण्या जड, बोटं सैलावलेली. तिथे हालचाल जवळजवळ नाहीच. जीव अजून आहे आणि निसटतो आहे, एवढंच चित्रकाराला दाखवायचं आहे. ग्रिफिथ्स यांना या चित्राने भारून टाकलं होतं आणि त्याच्या करुणेबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिलं.

अजिंठ्याची ही चित्रं रंगली साधारण त्याच शतकांच्या आसपास रचल्या गेलेल्या विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. मार्कंडेय ऋषी वज्र राजाला चित्रकला समजावतात आणि आधी नृत्य जाण, मग चित्र, असं बजावतात. पुढे खऱ्या चित्रकाराची लक्षणं येतात. लाटा, ज्वाळा, धूर आणि वाऱ्यावरच्या पताका ज्याला त्यांच्या वेगासह काढता येतात तो जाणकार. हे समजण्यासारखं आहे. पण लगेच दुसरी कसोटी येते: निजलेल्या माणसात चेतना आणि मेलेल्या माणसात तिचा अभाव ज्याला दाखवता येतो, तो जाणकार. ही कसोटी वाचून मी दर वेळी थबकतो. निजलेला माणूस हलत नाही, मेलेलाही हलत नाही. पताकेची युक्ती इथे कामाची नाही. निजलेल्या माणसाचा खांदा कसा असतो, ओठ कुठे मिटतात, हाताचं वजन अंथरुणावर कसं पडतं, हे ज्याने तासन् तास पाहिलं आहे त्याच्याच कुंचल्यातून तो फरक उतरेल. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे इतकं नेमकं मांडून ठेवलं आहे.

वेरूळच्या कैलासाचे शिल्पकार हे जाणत होते. रावण खाली दोन्ही बाजूंनी हात लावून पर्वत हलवतो आहे. पार्वतीने घाबरून शिवाचा दंड धरला आहे, मागे दासी पळत सुटली आहे. सगळं शिल्प धडधडतं आहे आणि शिव शांत बसून नुसता पायाने पर्वत दाबतो आहे. साऱ्या पाषाणात सर्वांत जिवंत कोण, असं विचारलं तर नजर त्या स्थिर शिवाकडेच जाते.

युरोपात स्थिर चित्रात जीव कसा आणायचा हा प्रश्न घोड्यावरून पेटला. जेरिकोने १८२१ साली एप्सम इथली शर्यत रंगवली तेव्हा त्याचे घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगत होते. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोडीची चित्रं घेतली आणि तसा ताणलेला क्षण घोड्याच्या धावण्यात नसतोच, हे सिद्ध झालं. चित्रकार खजील झाले. शिल्पकार रोदँ मात्र ठाम राहिला. त्याचं म्हणणं असं, की खरा आहे तो जेरिको आणि खोटा आहे तो फोटो, कारण वस्तुतः काळ कधी थांबत नाही. जेरिकोच्या घोड्याच्या पुढच्या पायांत एक क्षण आहे आणि मागच्या पायांत दुसरा, म्हणून तो धावतो. मायब्रिजचा घोडा सुटा पाहिला तर गोठलेला दिसतो.

दोघांचंही बरोबर होतं, फक्त मायब्रिजची चित्रं ओळीने लावून भराभर फिरवायला हवी होती. मग त्यांच्यामधल्या फटीत घोडा धावू लागतो. चित्रपट आणि ॲनिमेशन दोन्ही या फटीवर उभे आहेत. दोन फ्रेमांच्या मध्ये काय घडलं हे कुणीही टिपलेलं नसतं, ते पाहणाऱ्याचं मन भरून काढतं. किती अंतराने टिपायचं हे ठरवणं, इतकंच करणाऱ्याच्या हाती असतं. रोपासाठी ते अंतर काही तास, घोड्यासाठी सेकंदाचा अंश. हे अंतर बरोबर ठरवण्यासाठी समोरच्या जिवाची चाल आधी कळावी लागते.

मुंबईने १८९६ हे वर्ष मोठं विलक्षण पाहिलं. ७ जुलैला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या गेल्या, तिकीट एक रुपया. त्याच सुमारास जे. जे.च्या गणपतराव म्हात्रे या तरुणाची ‘मंदिरपथगामिनी’ गाजत होती. प्लास्टरची एक मुलगी, हातात पूजेचं साहित्य, देवळाकडे निघालेली. नऊवारीच्या निऱ्या ज्या तऱ्हेने पोटरीवर ताणल्या आणि टाचेशी सैल झाल्या आहेत, त्यातून तिचं पाऊल पडताना दिसतं. एका शहरात, एकाच सुमारास, पडद्यावर आगगाडी हलत होती आणि प्लास्टरमध्ये मुलगी चालत होती. आगगाडी जिंकली, हे आपण जाणतोच. पण त्या काळातल्या प्रेक्षकांबद्दलची एक गोष्ट मला आगगाडीहून मोलाची वाटते. ल्युमिएरच्या एका फिल्ममध्ये आई-बाप बाळाला भरवत आहेत आणि मागे झाडाची पानं वाऱ्याने हलताहेत. पॅरिसमध्ये लोक बाळापेक्षा त्या पानांनी जास्त भारावले. रंगमंचावर बाळ आणता येतं, वारा आणता येत नाही.

आपल्याकडे याच्या आधीही पडद्यावर चित्रं हलत होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली शांबरिक खरोलिकेचा खेळ सुरू केला होता. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, आणि पट्ट्या भराभर बदलून साधलेली हालचाल. तिकडे पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवरची चित्रं एकामागून एक उभी करत, गात, रामायण-महाभारत सांगत आले होते. त्यांचा कागद हलत नाही. बाण सुटतो तो गाणाऱ्याच्या आवाजात आणि पुढचा कागद उलटेपर्यंतच्या थांब्यात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पिंगुळीचं नाव शहरी लोकांच्या कानावर गेलं. ही परंपरा आपल्या ॲनिमेशनची सख्खी पूर्वज आहे आणि ॲनिमेशन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात तिला जागा हवी.

फाळक्यांनी रोप निवडलं तेव्हा रोपाच्या हालचालीमागे जगातले काही फार मोठे डोळे लागलेले होते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वेलींच्या आणि कोंबांच्या शेंड्यांना काचेची बारीक तार चिकटवून, समोरच्या काचेवर ठरावीक वेळाने ठिपके काढून, त्यांचा मार्ग जोडून काढला होता. १८८० साली निघालेलं त्यांचं पुस्तक अशा वेड्यावाकड्या रेघांनी भरलेलं आहे. वाढणारा प्रत्येक शेंडा हळूहळू घिरट्या घालत असतो, हे त्यांनी दाखवलं. वाटाण्याचा तनावा आधार शोधत हवेत फिरतो तो असाच. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने शतक पालटताना फुलांची आणि मुळांची अशी फिल्म घेतली. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने १९१० साली कळ्या उमलताना दाखवल्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस क्रेस्कोग्राफ बनवत होते, जो रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी. या मंडळींपैकी काहींना विज्ञान हवं होतं, काहींना तमाशा. एक समज मात्र सगळ्यांची होती: रोप स्थिर नाही, आपण घाईत आहोत.

पुढे फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांना नाचवलं. ‘आगकाड्यांची मौज’ ही पहिल्या महायुद्धाच्या काळातली त्यांची छोटी फिल्म. एक काडी थोडी सरकवायची, फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. वाटाण्यात फाळके बाजूला उभे होते आणि रोप स्वतः सरकत होतं. काडीला सरकायला फाळक्यांचा हात लागत होता. आधी जिवंत वस्तूची चाल पाहून घेतली, मग निर्जीवाला ती उसनी दिली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुर्दैवाने यातलं आपल्याकडे फारच थोडं उरलं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चासुद्धा तुकडाच उरला. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेटच्या फिती ठेवलेल्या गोदामाला आग लागून शेकडो जुन्या चित्रपटांच्या फिती जळाल्या. नायट्रेट फिल्म पेटते हे शंभर वर्षं माहीत असलेलं सत्य आहे. तिची काळजी घेण्यात आपण कमी पडलो, याची हळहळ महाराष्ट्राने तरी बाळगायला हवी होती. ती कुठे दिसली नाही.

आधी जिवंत वस्तू पाहून घ्यायची, हा क्रम मात्र पुढेही भेटतो. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग सुरू केला. तिथे शिकवायला क्लेअर वीक्स आले. ते भारतात जन्मलेले, मिशनऱ्यांच्या घरातले, आणि डिस्नेकडे ‘बॅम्बी’वर काम केलेले. ‘बॅम्बी’ करताना डिस्नेने हरणाची पाडसं स्टुडिओत आणून ठेवली होती. ती उठतात कशी, पाय कसे लटपटतात, मान कशी वळते, हे चित्रकार रोज पाहून रेखाटत. वीक्स यांच्यासोबत मुंबईत ती सवय आली. विभागाची १९५७ सालची ‘बन्यन डिअर’ ही फिल्मसुद्धा हरणाचीच, जातककथेतली. ज्या कथाभांडारातून अजिंठ्याच्या भिंती रंगल्या, त्यातलीच ही कथा. ॲनिमेशनकार राम मोहन याच विभागातून पुढे आले. १९७४ साली भीमसेन आणि विजया मुळे यांची ‘एक अनेक और एकता’ आली, आणि दूरदर्शन पाहत वाढलेल्या पिढ्यांच्या मनात जाळं घेऊन उडणाऱ्या त्या चिमण्या आजही आहेत. रेषा अगदी साध्या, पैसा बेताचा. पण पंखांची लय पाहून घेतलेली.

आज संगणकाला चार वाक्यं सांगितली की घोडा धावतो, पानं हलतात, माणूस हसतो. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. कॅमेराही यंत्रच होता. प्रश्न वेगळा आहे. यंत्राने शिकलेला घोडा कुणीतरी कधीतरी पाहून टिपलेल्या हजारो घोड्यांमधून आलेला आहे. मायब्रिज, डिस्नेचे चित्रकार, जंगलात दिवसेंदिवस मचाणावर बसलेले छायाचित्रकार यांच्या पाहण्याचं ते व्याज आहे. मुद्दलात भर घालणारे हात कमी झाले तर काय होईल? आपल्या मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओंत परदेशी मालिकांसाठी मधल्या फ्रेम काढत कितीतरी मराठी मुलं हा धंदा शिकली. ते काम कंटाळवाणं होतं, पैसेही थोडे होते. पण एका पावलाच्या दोन टोकांमध्ये शरीराचं वजन कुठे जातं, हे त्या कंटाळ्यातच हाताला कळत होतं. ते काम यंत्राकडे जातं आहे, तर ते शिक्षण आता कुठे मिळणार, हे कुणीतरी ठरवायला हवं.

माझ्या मते ते शाळेत आणि कला महाविद्यालयात मिळायला हवं, आणि त्याला फारसा खर्चही येणार नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना महाराष्ट्रभरातून मुलं बसतात. त्यांत स्मरणचित्र हा विषय आहे. नाव किती सुंदर! प्रत्यक्षात मात्र क्लासमध्ये पाठ केलेली ठरावीक माणसं, ठरावीक झाड आणि ठरावीक बैलगाडी कागदावर उतरते; मुलाने पाहिलेलं काहीच त्यात नसतं. या परीक्षेत तयार चित्राबरोबर महिनाभराचं स्केचबुक तपासलं जावं. त्यात गल्लीतलं एकच मांजर वीस वेळा काढलेलं असेल, तर मांजर वाकडं असलं तरी गुण मिळावेत. जे. जे.ची मुलं स्टेशनवर आणि राणीच्या बागेत बसून स्केच करतात, ती चाल सगळ्या ॲनिमेशन अभ्यासक्रमांत सक्तीची व्हावी. कोल्हापूरच्या मुलांनी तालमीत बसावं, नगरच्या मुलांनी गुरांच्या बाजारात जावं, नवी मुंबईच्या मुलांनी ठाणे खाडीवर रोहित पक्षी उतरताना पाहावेत. पहिल्या वर्षी संगणक नाही. कागद, पेन्सिल आणि जिवंत प्राणी. निजलेला माणूस आणि मेलेला माणूस वेगळे काढून दाखवणं ही या वर्षाअखेरची परीक्षा असावी.